घरचा लॅपटॉप निवडतांना

एकत्र कुटुंबांत एखादें यंत्र विकत घ्यावयाचें म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें निराळेंच यंत्र असतें. पुतण्याला खेळांसाठीं दणकट ग्राफिक्स कार्ड हवें, वहिनींना उचलावयास हलका लॅपटॉप हवा, आणि वडील बंधूंना स्वस्त! आमचें काम मात्र वेगळें होतें. कै. आत्याबाईंच्या आवाजांतील मंगळागौरीच्या गाण्यांच्या एकोणीस कॅसेटी आणि १९९४ सालच्या एका मौंजीची व्हीएचएस टेप कपाटांत पडून होती. चुंबकीय फितीला आयुष्याची मर्यादा असते; दमट हवेंत तिला बुरशी धरते. शिवाय फुनाइ या जपानी कंपनीनें २०१६ सालीं व्हीएचएस यंत्रें करणें थांबविल्यापासून नवें यंत्र मिळणें दुरापास्त झालें आहे. तेव्हां तो आवाज आणि तीं चित्रें संगणकांत उतरवून घेण्यास विलंब परवडणारा नव्हता.

दुकानदार प्रथम प्रोसेसरचा क्रमांक सांगतो. आमच्या मतें सुज्ञ गृहस्थानें प्रथम विचारावें तें हें, कीं यांतील कोणती वस्तु मागाहून बदलतां येणार नाहीं?

पडदा हा त्यांतला पहिला. माहितीपत्रकांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असें असेल, तर तो पडदा एसआरजीबी या प्रचलित रंगमानांतील जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवितो. बटूच्या मातेचा शालू त्यावर फिका दिसणार, आणि तो सुधारूं जावें तर इतरांच्या पडद्यावर भलताच भडक होणार. शंभर टक्के एसआरजीबीचा पडदा आग्रहानें मागावा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

रॅमचीहि तीच गोष्ट. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत ती मूळ पटावरच कायमची जोडलेली असते. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेच्या लॅपटॉपांत तर ती मागाहून वाढवितांच येत नाहीं. चित्रफितीच्या कामास १६ जीबीहून कमी घेऊं नये.

साठवणीची चिंता त्या मानानें थोडी. सेकंदास १०० मेगाबिट या वेगानें घेतलेलें चित्रण तासाला ४५ जीबी जागा खातें हें खरें. पण डिस्क बाहेरून जोडतां येते.

ग्राफिक्स कार्डावरून पुतण्याशीं दोन रात्रीं वाद चालला. साधें कापणें-जोडणें प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर निभावतें. वेगळ्या कार्डानें किंमत, वजन आणि पंख्याची घरघर मात्र वाढते. वजनाचें नांव निघतांच वहिनी आमच्या पक्षास मिळाल्या, आणि किंमतीचें निघतांच वडील बंधु!

एक गोष्ट दुकानांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं. लॅपटॉपाच्या एकुलत्या एका ध्वनिखोबणींतून आंत येणारा आवाज बहुधा मोनो असतो. स्टीरिओ कॅसेट दोन्ही बाजूंसह उतरवावयाची तर यूएसबीला जोडावयाचा ऑडिओ इंटरफेस वेगळा घ्यावा लागतो. आम्हीं तो घेतला, व बरोबर एक चांगला हेडफोनहि.

आतांपर्यंत सात कॅसेटी उतरल्या. फितीची खरखर पुतण्यानेंच मोठ्या कौशल्यानें काढली. तिसऱ्या कॅसेटींत एका गाण्याच्या मध्यें आत्याबाईंना ठसका लागतो, कोणी पाणी आणून देतें, आणि त्या हंसून पुढचें कडवें धरतात. तेवढा भाग कापावा असें त्याचें म्हणणें होतें. वडील बंधूंनीं हेडफोन काढून ठेवला आणि त्याला हात लावूं दिला नाहीं.