हळू धावण्याची वर्षे

इतक्या वर्षांच्या मॅरेथॉनच्या तयारीकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट मला आता ठामपणे सांगावीशी वाटते. हौशी धावपटूचे नुकसान कमी धावल्याने जेवढे होत नाही, तेवढे सरावात रोज जोरात धावल्याने होते. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१मध्ये कायम झाले. ते ठरवताना कुणी शरीराचा विचार केला नव्हता, तरी आपली शिदोरी नेमकी त्याच्या थोडी आधी संपते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला एका किलोमीटरला जवळपास तितक्याच, साठ-पासष्ट कॅलरी लागतात, म्हणजे तीस किलोमीटर ओलांडले की डबा रिकामा होऊ लागतो. धावणारे त्याला ‘वॉल’ म्हणतात. तिथून पुढे निभावायचे तर सुरुवातीपासूनच चरबी जास्त जाळून साखर राखायला हवी, आणि ही सवय स्नायूंना लावावी लागते. ती लागते गप्पा मारता येतील इतक्या सावकाश, पण दीर्घ धावण्याने. महिनोन्‌महिने तसे धावल्यावर स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींतल्या तंतुकणिका वाढतात. घड्याळात यातले काहीच दिसत नाही, म्हणून विश्वास बसत नाही.

हळू धावणारा हळूच राहतो, असा आक्षेप हमखास येतो. त्याला न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड याने साठ वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. आपल्या मुलांना तो आठवड्याला शंभर मैल पळवी. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरातली २२ मैलांची फेरी त्यातलीच. त्यांतला पीटर स्नेल ८०० मीटरवाला, म्हणजे दोन मिनिटांच्या आतला खेळ. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्ण जिंकले, त्याच दिवशी लिडियार्डच्याच मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्ण घेतले आणि पुढे बॅरी मॅगीने मॅरेथॉनचे कांस्य. वेगाचा सराव लिडियार्डही करून घेई, पण पाया पक्का झाल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला पाच तास मिळणाऱ्याने ते सावकाश का घालवावेत? पाच किलोमीटरची शर्यत असेल तर हा हिशेब मला मान्य आहे. मॅरेथॉनला तो चुकतो, कारण दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायुबंध बळकट व्हायला महिने लागतात. दम आहे म्हणून पळत सुटलेल्याची नडगी किंवा टाच मग कुरकुरते, आणि वाचवलेल्या तासांच्या बदल्यात महिनाभर घरी बसावे लागते. खरी अडचण वेळेची नसतेच. ओळखीचा माणूस शेजारून पुढे निघून जातो आणि आपण गती वाढवायची नसते, हे सोसणे अवघड असते.

मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावणाऱ्यांना पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे लक्षातही येत नाही. ऊन वर आलेले असते, हवा दमट असते. पहाटे भन्नाट सुटलेले कितीतरी पाय तिथे चालू लागतात. आणि त्यांच्या शेजारून, सकाळपासून ज्यांच्याकडे कुणी पाहिलेले नसते असे काही पन्नाशीचे स्त्री-पुरुष, त्याच एका लयीत, वर चढत राहतात.