कारवारचे उदक

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी कुटुंबांची उन्हाळी सुट्टी बहुधा तुळजापूर, पंढरपूर आणि मामाचे गाव एवढ्यातच आटोपते. यंदा आम्ही कारवारची वाट धरली. वैशाखात भालकी-आळंदकडे पारा ४० अंशांपुढे जातो. हुबळी, यल्लापूर मागे टाकून गाडी अरबैल घाट उतरू लागली, तशी रस्त्यावर दाट झाडीची सावली आली. कारवारची हवा सौम्य खरी. पारा आपल्याकडच्यापेक्षा बराच खाली, घाम मात्र दुप्पट! संध्याकाळी खारा वारा सुटला की त्याचाही विसर पडतो. काळी नदी सागराला मिळते, पैलतीरी सदाशिवगडाची टेकडी दिसते आणि किनाऱ्यावर माणसे तुरळकच. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी येथे राहिले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा येथे न्यायाधीश होते. किनाऱ्याला आज रवींद्रनाथांचेच नाव आहे.

आम्हांला मात्र तेथील शब्दांनी अधिक गुंतवले. ज्या घरी उतरलो, तेथील आजींनी आल्या आल्या 'उदक' पुढे केले आणि मुले एकमेकांकडे पाहू लागली. आपल्याकडे उदक म्हणजे पळी-पंचपात्रातले, संकल्प सोडण्याचे, तहानेला पाणी. एकच संस्कृत शब्द आपल्या देवघरात उरला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात नांदतो आहे. दुसरा शब्द चिरा. तेथील घरे नि विहिरी जांभ्याच्या चिऱ्यांच्या. त्या किनाऱ्यावरचा कानडी माणूसही त्या दगडाला 'चिरेकल्लु' म्हणतो. हा तांबडा, सच्छिद्र दगड बिदरकरांना तरी परका कोठे आहे? बिदरचे पठार त्याचेच, आणि बहमनी काळातील भुयारी पाणीवाटाही त्यातूनच कोरलेल्या.

आता थोडे अप्रिय. १९५६ पूर्वी कारवार मुंबई राज्यात होते, आपण हैदराबाद संस्थानात आणि पुढे त्याच नावाच्या राज्यात. महाराष्ट्राच्या दाव्यातील ८६५ गावांच्या यादीत दोन्हीकडची गावे आहेत. महाजन आयोगाने १९६७ साली कारवार कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली. त्या शिफारशीला आपला विरोध आहे आणि तो राहील. परंतु त्या विरोधाच्या भरात 'कोकणी ही मराठीचीच बोली' असे आपले काही कार्यकर्ते ठासून सांगतात, ते आम्हांला मान्य नाही. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. औरादच्या मराठी मुलाला त्याच्या भाषेत शिकू द्या, असे सरकारला बजावणाऱ्यांनी कारवारच्या आजींना त्यांची भाषा कोणती हे शिकवू नये. कारवारवरील हक्क मांडायचा तर तेथील माणसांच्या इच्छेवर मांडावा. त्यांच्या भाषेचे नाव पुसून नव्हे.

आजींची नात शाळेत कानडी शिकते, घरी कोकणी बोलते आणि कोकणी लिहिते तीही कानडी लिपीत. आमच्या मुलांनाही शाळेमुळे कानडी अक्षरे येतात, म्हणून तिची वही त्यांना सहज वाचता आली. तिने माशांची नावे लिहिली होती. 'बांगडो' दिसताच आमच्या धाकट्याने पेन्सिल घेऊन खाली देवनागरीत 'बांगडा' असे लिहिले. तिने तत्काळ शेवटचा काना खोडून ओकार दिला. जेवणाची पाने मांडली गेली, तरी दोघांचा वाद चालूच होता.