शहाडपलीकडचा बांध

कल्याणहून कसारा लाइनची लोकल धरली की पहिलेच स्टेशन शहाड. लोकांना ते ठाऊक असते सेंच्युरी रेयॉनमुळे आणि बिर्ला मंदिरामुळे. पण तिथून मुरबाडच्या रस्त्याला लागा. म्हारळ, वरप, कांबा मागे पडता पडता इमारतींच्या फटींतून भाताची खाचरे दिसू लागतात. उल्हास नदीच्या याच पट्ट्यात आमची दीड एकर जमीन, एक विहीर आणि तीसेक गावठी कोंबड्या आहेत.

भर पावसात इकडे येऊ नये. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा जुलै २०१९मध्ये नदीचे पाणी इथल्या घरांत शिरले होते. यायचे तर भाद्रपद सरताना यावे. तेव्हा हळवे भात पिवळे पडू लागते, बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलतात आणि टाकळ्याला शेंगा धरतात.

न पेरता जे मिळते ते सारे बांधावर. करटुलीच्या वेलाला शेवटची फळे असतात. अम्मी त्यांत सोडे घालून भाजी करतात. सोबत तांदळाची भाकरी. फळे तोडावीत, वेल उपटू नये, कारण कंद जमिनीत राहिला तर पुढच्या पावसात वेल पुन्हा येतो. दिवाळीच्या सुमारास करांदे निघतात. मीठ घालून उकडले की मुलांचा नाश्ता होतो. त्यांचीच कडू जात मात्र नुसती उकडून चालत नाही. ती ओळखायला आम्हाला एका कातकरी मावशींनी शिकवले. त्या दर वर्षी आमच्या बांधावरून भाजी खुडून बाजारात नेतात. ओळख पक्की नसेल तर कंद आणि अळंबी यांना हात लावू नये, हे त्यांचेच सांगणे.

कोंबड्यांचेही याच दिवसांत बदलते. जुनी पिसे गळतात, दिवस लहान होतो, अंडी कमी होतात. गावठी कोंबडी तशीही वर्षाला साधारण ५०-६० अंडीच देते. पण ओल हटल्यामुळे खुडूक बसवायला हा काळ चांगला. २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. सहाव्या-सातव्या दिवशी मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात घालायचा. तो चुकला तर अख्खे खुराडे रिकामे होऊ शकते. कणी आम्ही घालतो, बाकी किडे, वाळवी, गवताचे बी त्या बांधावरच वेचतात. घार आणि मुंगूस यांच्यावर नजर ठेवायची, आणि मगरिबची अजान झाली की खुराड्याचे दार लावायचे. हे काम धाकट्यांकडे.

आता आजूबाजूची खाचरे विकली जात आहेत. जी उरली, तिथे मजूर मिळत नाहीत म्हणून बांधांवर तणनाशक मारतात. फवारलेल्या बांधावर आठवड्यात सारे करपते. मग ना भाजी, ना कोंबड्यांना किडा. आमच्याकडेही दलाल येतात. गुंठ्याचा भाव सांगतात, नाहीतर निदान भिंत घालून घ्या म्हणतात. घरात यावर दोन मते आहेत. थोरल्या भावांना मुलांच्या शिक्षणाची काळजी आहे, आणि ती खोटी नाही. एका गुंठ्याचे पैसे आमच्या कोंबड्या कितीतरी वर्षांत देणार नाहीत.

यंदा तरी एवढे ठरले आहे की जमीन विकायची नाही, भिंत घालायची नाही आणि बांधावर फवारायचे नाही. भिंत घातली तर मावशींची वाट बंद होईल. जे आम्ही पेरले नाही, ते एकट्यानेच कापायचे हे आम्हाला पटत नाही. गुंठा मोजताना बांधही मोजला जातो, पण त्यावर कितीजणांची चूल पेटते हे कोणत्याच उताऱ्यावर लिहिलेले नसते.

तुमच्या गावी असा बांध उरला असेल, तर या आश्विनात मुलांना घेऊन एकदा त्यावरून चाला. दहा पाने ओळखणारे कोणी वडीलधारे असेल, तर त्यांनाही सोबत न्या.