मामांचा खुलासा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने डिस्टिलरीच्या कॉलमवर लेख लिहावा, याचे आमच्या सायन्सच्या मित्रांना हसू येईल. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा विषय आपण होऊन आमच्या घरी चालत आला.

माझे मामा एका डिस्टिलरीत ऑपरेटर आहेत. तेथे उसाच्या मळीपासून स्पिरिट तयार होते. एका रात्रपाळीत उत्पादन कमी पडले म्हणून त्यांना मेमो मिळाला. वाफ का कमी केली याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा वेतनवाढ रोखली जाईल! मेमो कन्नडमध्ये होता. मामा कन्नड बोलतात, पण शिक्षण मराठी सातवीपर्यंत. म्हणून ते कागद घेऊन माझ्याकडे आले.

"आधी मला समजावून सांगा, मग लिहितो," मी म्हणालो.

मामांनी आईकडून इडलीपात्र मागून घेतले. "ह्या ताटल्या एकावर एक आहेत न्हवं? कॉलममध्ये अशाच प्लेटी. पण तिथं प्रत्येक प्लेटीवर रस उभा असतोय. वाफ भोकांतनं त्या रसात बुडबुडे काढत वर जाते."

मद्यार्क ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशाला. त्यामुळे प्रत्येक प्लेटीवर वाफ आणि द्रव यांची गाठ पडली की मद्यार्काचा अधिक अंश वर चढतो आणि पाण्याचा अधिक अंश खाली राहतो. आंबवलेल्या मळीत जेमतेम आठ-दहा टक्के असलेला मद्यार्क असा पायरीपायरीने वर जाताना तीव्र होतो. प्लेटीच्या कडेला एक आडवी पट्टी असते. तिच्यावरून सांडलेला द्रव बाजूच्या वाटेने खालच्या प्लेटीवर उतरतो. खानापूरकडच्या भातखाचरांत पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरते, अगदी तसेच!

"मग भोकांतून रस गळत का नाही?" मी विचारले.

"वाफच त्याला पेलून धरते. वाफ कमी पडली की प्लेट गळते. जास्ती झाली की कॉलम तुंबतोय."

त्या रात्री नेमके हेच घडले होते. उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी वरून वाफ वाढविण्याचा हुकूम आला. वाफेच्या जोराने फेस वरच्या प्लेटीवर जाऊ लागला, द्रवाला खाली उतरायला वाट उरली नाही. तळाचा दाब चढला, वर येणाऱ्या स्पिरिटची तीव्रता उतरली. मामांनी वाफ कमी केली, तासभर प्लेटी निचरू दिल्या आणि मग कॉलम पुन्हा लयीत आणला. तो तास गेला, पण रात्रभराचा माल वाचला. उत्पादनाच्या तक्त्यात मात्र गेलेला तास दिसतो, वाचलेला माल दिसत नाही. जमाखर्च शिकणाऱ्या मला हे फार लागले.

मी खुलासा लिहिला : 'कॉलम तुंबितु, म्हणून वाफ कमी केली.' आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्राला तो दाखवला. तो म्हणाला, "भरला? मग चांगलेच झाले की!"

मी चपापलो. मराठीत तुंबणे म्हणजे वाट अडून साचणे, कन्नडमध्ये 'तुंबु' म्हणजे नुसते भरणे. दोन्ही भाषा येतात या गर्वात मी मामांचीच बाजू लंगडी केली असती! मग आम्ही दोघांनी मिळून सरळ लिहिले : 'द्रव केळगे इळियलिल्ल', द्रव खाली उतरला नाही. पुढे दाबाचे आकडे, वेळ आणि कारण क्रमाने मांडले.

नंतर ग्रंथालयात वाचले, की १८३० साली अशा सच्छिद्र प्लेटींच्या कॉलमचे पेटंट घेणारे आयर्लंडचे इनिअस कॉफी मूळचे अबकारी खात्यातील अधिकारी होते. म्हणजे कर आणि हिशेब पाहणाऱ्या माणसानेही भट्टीजवळ जाऊन ती समजून घेतली होती. आपणही उद्या कुणाच्या तरी कामाचे तक्ते तपासणार आहोत. तेव्हा आकडा कमी दिसला, तर लेखणी उचलण्यापूर्वी एकदा त्या माणसाजवळ जाऊन उभे राहावे, एवढे मी मनाशी ठरवले आहे.

खुलाशाचे उत्तर अजून आलेले नाही. मामा मात्र रोज पाळीवर जातात, आणि वाफ लागेल तेवढीच देतात.