अंश आणि छेद

माझे वडील, आप्पा, आरोग्य खात्यात हिवताप कर्मचारी होते. रायगड जिल्ह्यातल्या ठरलेल्या गावांत ते दर पंधरवड्याला घरोघर फिरत. ‘कुणाला ताप येऊन गेला का?’ एवढंच विचारायचं. हो म्हटलं की बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब, क्लोरोक्विनच्या गोळ्या, आणि निघताना दाराशेजारी भिंतीवर भेटीची तारीख.

महिनाअखेरीच्या अहवालाच्या बेरजा मी ताडून द्यायचे. रक्तनमुने किती घेतले, त्यातले दूषित किती निघाले. माझं लक्ष दूषितांच्या रकान्याकडे असे. आप्पांचं मात्र नमुन्यांकडे. नमुनेच घेतले नाहीत तर हिवताप कागदावरून जातो, गावातून जात नाही, असं ते म्हणत. वर्षाकाठी लोकसंख्येच्या किमान दहा टक्के नमुने घ्यायचे, हा खात्याचा दंडक त्यांनी जिवापाड पाळला. त्यामागे इतिहास होता. 1965च्या सुमाराला देशातला हिवताप वर्षाला लाखभर रुग्णांवर आला होता. मग देखरेख ढिली पडली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि 1976 साली रुग्ण 64 लाखांवर गेले.

पुढे मी पुण्यात स्थायिक झाले. 2009च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी इथेच घेतला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. त्याच महिन्यात सौम्य लक्षणं असणाऱ्यांची तपासणी करू नये, असा नियम आला. तो योग्यच होता, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून साथ वाढली की घटली हे ठरवता येत नव्हतं. तरी सगळे तेच करत होते.

कोरोनात तर रुग्णसंख्या रोज संध्याकाळी घराघरात वाचली जायची. सोमवारी ती उतरली की हायसं वाटायचं. रविवारी तपासण्याच कमी झालेल्या असत. जुलै 2020मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली, तेव्हा झोपडपट्टीतल्या 57 टक्के आणि इतर वस्तीतल्या 16 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. नोंदलेल्या रुग्णांवरून याची कल्पनाही आली नसती. जून 2021मध्ये राज्याने निर्बंध उठवताना आठवड्याचा बाधित दर, म्हणजे तपासलेल्यांपैकी बाधित किती टक्के, आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा या दोन गोष्टी पाहिल्या. दर पाच टक्क्यांच्या आत आणि पाव खाटांपेक्षा कमी भरलेल्या, तो जिल्हा पहिल्या स्तरात. आप्पांच्या दोन रकान्यांचा भागाकार पहिल्यांदाच सगळ्या राज्याच्या तोंडी झाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण हा भागाकारही लोकांच्या मनावर अवलंबून असतो. आमच्या भागात इमारती सील होऊ लागल्या, दारावर फलक लागू लागले, तसे ताप असलेले शेजारी ‘साधी सर्दी आहे’ म्हणू लागले. 1897च्या प्लेगात याच पुण्यात रँडच्या कमिटीचे गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेत, आणि लोक आजारी माणसं लपवत. धाक दाखवला की आजार दडतो. आप्पांना दार उघडलं जायचं ते त्यांच्या हातात गोळ्या होत्या म्हणून, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा येणार हे ठाऊक होतं म्हणून. साथ मोजण्याचं काम अशा ओळखीच्या माणसाशिवाय होत नाही, हे माझं ठाम मत आहे. आज ते काम आशाताई तुटपुंज्या मानधनावर करतात.

महापालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी पुढच्या साथीत प्रभागवार, गाववार रुग्णसंख्येशेजारी तपासण्यांची संख्याही रोज जाहीर करावी. त्यांनी केली नाही, तर आपण ती मागावी.