कोराडीचे अन्नपाणी

नागपुराहून उत्तरेस सावनेर-छिंदवाड्याच्या सडकेने निघाले म्हणजे चार-पाच कोसांवर कोराडी लागते. प्रथम दृष्टीस पडतात त्या औष्णिक वीजकेंद्राच्या उत्तुंग चिमण्या. श्रीजगदंबेच्या देवालयाचे शिखर मागाहून. कालक्रम मात्र उलट आहे. देवी स्वयंभू व पुरातन. केंद्रातील पहिला संच चालू झाला तो १९७४ साली. देवीच्या मुखावर प्रातःकाळी बालिकेचे, मध्याह्नी तरुणीचे व सायंकाळी प्रौढेचे तेज दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आम्ही तिन्ही वेळी दर्शन घेतले आहे. सायंकाळचे रूप आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. ते आमच्या वयाचे म्हणूनही असेल.

केंद्र आले, त्यामागून वसाहत आली, आणि वसाहतीबरोबर साऱ्या महाराष्ट्रातील स्वयंपाकघरे येथे येऊन दाखल झाली. ६६० मेगॅवॅटचे नवे संच उभे राहिले त्या सुमारास आमचे चिरंजीव येथे रुजू झाले. पुढे शाळेतून निवृत्त झाल्यावर गुहागर तालुक्यातील घर वडील बंधूंच्या स्वाधीन करून आम्ही उभयताही आलो. त्यास आता नऊ वर्षे होत आली.

स्वदेशात, स्वभाषेत राहूनही मनुष्यास परदेशस्थ होता येते, हे आम्हांस प्रथम भाजीबाजारात उमगले. सौभाग्यवतींनी कोथिंबीर मागितली. भाजीवाल्या बाईने विचारले, "सांबार पायजे का, माय?" सौभाग्यवती म्हणाल्या, "सांबार नको हो, ते मी घरीच करते. मला कोथिंबीर द्या." बाईने हसून कोथिंबिरीची जुडी पुढे केली! विदर्भात कोथिंबिरीसच सांबार म्हणतात. त्याच दिवशी टोमॅटोस भेदरे व भुईमुगाच्या तेलास फल्लीतेल म्हणतात हेही कळले. आमची मराठी शुद्ध, या आमच्या चाळीस वर्षांच्या अभिमानाला त्या बाईने दोन मिनिटांत धक्का दिला.

या सांबारावरून तंजावरची गोष्ट आठवते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी माणसे कावेरीकाठी गेली व तेथेच राहिली. त्या दरबारी एकदा आमटीत घालावयास देशाकडची आमसुले आली नव्हती, म्हणून चिंच घातली, आणि त्या नव्या आमटीस संभाजीराजांच्या नावावरून सांबार हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु आमसूल संपल्यावर घरात जी अवस्था होते, तिचा अनुभव असणाऱ्या मनुष्यानेच ती रचली असावी, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

वसाहतीतील हळदीकुंकवात आरंभीची काही वर्षे एकच विषय चाले. साताऱ्याची, जळगावची, पुण्याची मंडळी जमत. ज्यांचे आपसात कशावरही एकमत होत नसे, त्यांचे नागपुरी जेवणावर तत्काळ होई. वरणास गूळ नाही. ओला नारळ दृष्टीस पडत नाही. तिखट इतके की जिभेची संवेदनाच जावी. (सावजी भोजनालयांच्या रश्श्याची कीर्ती दूरवर गेली आहे, आम्ही त्यातील पाटोडीचाच रस्सा एकदा चाखला, आणि तेवढ्याने घाम पुसण्यास उपरणे अपुरे पडले.) मात्र हेच लोक आल्यागेल्या पाहुण्यास येथील संत्री व पुडाच्या वड्या अशा काही ऐटीने खाऊ घालीत, की जणू हे त्यांच्या आजोळचेच वैभव! निंदा घरात, स्तुती दारात, असा प्रकार.

हा प्रकार आमच्याच वसाहतीचा म्हणावा, तर तसेही नाही. आमचा एक जुना विद्यार्थी इटालीत मिलान शहरी असतो. त्याच्या पहिल्या पत्रांत सारी तक्रारच असे: तेथील भात मुद्दाम थोडा कच्चा ठेवतात, सकाळच्या न्याहारीस गोड पाव, दुपारच्या जेवणानंतर दुधाची कॉफी मागितली तर वाढपी आश्चर्याने पाहतो. गेल्या वर्षी तो सुटीत भेटावयास आला, तेव्हा आमच्या फोडणीकडे पाहून म्हणाला, "सर, तिकडचे ऑलिव्हचे तेल एकदा चाखून पाहा." आम्ही काही बोललो नाही.

कोराडीहून रामटेक फार दूर नाही. महामहोपाध्याय मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन केले आहे. म्हणजे कुबेराच्या अलकेतून शापाने निघालेला यक्ष हा या मुलखातला आद्य परदेशस्थ म्हणावयाचा. तो इतका कृश झाला की हातातील सोन्याचे कडे गळून पडले. टीकाकार याचे कारण विरह सांगतात, व शाळेत आम्हीही तेच शिकविले. येथे आल्यावर मात्र प्रश्न पडला, की यक्ष रामगिरीवर जेवत काय होता? कालिदासाने याविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. पहिल्या उन्हाळ्यात आमची अंगठीही सैल झाली होती, आणि सौभाग्यवती तर समीपच होत्या.

आमच्या समजुतीस खरा कलाटणीचा धक्का बसला तो शेजारच्या काकूंमुळे. त्या मूळच्या नागपुरातल्या, महाल भागातल्या. एका रविवारी त्यांनी आम्हांस गोळाभातास बोलावले. हरभऱ्याच्या भरड्यात तिखट, मीठ व तेलाचे मोहन घालून त्याचे गोळे शिजत्या भातात सोडतात. पानात गोळा भातावर कुस्करून वर हिंग, मोहरी व लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओततात. वाढता-वाढता काकू म्हणाल्या, "आमच्या घराण्यातला हा परंपरेचा प्रकार बरं का." आम्ही सहज कुलदैवत विचारले. उत्तर आले, "व्याडेश्वर. गुहागरचा."

हातातला घास क्षणभर हातातच राहिला. व्याडेश्वराचे देऊळ आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर! भोसल्यांच्या राजवटीत त्यांचे कोणी पूर्वज चाकरीनिमित्त नागपुरास आले, एवढेच काकूंस ऐकून ठाऊक. गुहागर त्यांनी पाहिलेले नाही. समुद्रही नाही. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, मध्यप्रांत झाला, पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला. घराणे येथेच राहिले. देव्हाऱ्यात देव कोकणचा तो कोकणचाच, चुलीवरचे आमसूल मात्र केव्हा नाहीसे झाले याची कोणास दादही नाही. आम्ही म्हणालो, "काकू, तुमच्या मूळ गावची आमटी तुम्हांस पाठवून देऊ." त्यांनी ती दुसऱ्या दिवशी खाल्ली व मोठ्या शिष्टाचाराने म्हणाल्या, "छान आहे हो. थोडी गोड आहे, नाही?"

त्यानंतर घरात हळूहळू पालट होत गेला. आमच्या तो ध्यानातही आला नाही. ध्यानात आला तो गेल्या गणपतीत, गावी. थोरल्या वहिनींनी नव्या तांदळाचा मऊ भात, त्यावर वरण, तूप, लिंबू असे वाढले. ज्या भाताकरिता नऊ वर्षे जीव टाकला, तो हाच. आम्ही दोन घास घेतले तोच सौभाग्यवती हळूच उठल्या, पळीत तेल तापवून मोहरी-मिरचीची फोडणी केली आणि स्वतःच्या भातावर ओतली. वहिनी हसत म्हणाल्या, "अगं, तू तर पक्की वऱ्हाडीण झालीस!" (कोकणात नागपूर आणि वऱ्हाड यांत भेद करीत नाहीत.) सर्व हसले. सौभाग्यवती हसल्या नाहीत. रात्री ओटीवर म्हणाल्या, "अहो, इथे जेवताना तिथली आठवण यावी, हे मला काही बरे वाटले नाही."

आता प्रसंग असा आहे, की वडील बंधूंचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले. त्यांचे पत्र आले आहे: घर मोठे, आम्ही दोघेच, येता, की तुमचा वाटा काढून विकावा? चिरंजीव व सूनबाई म्हणतात, जाऊ नका. नातीला तर समुद्र म्हणजे सुटीतली गंमत, आणि आमसूल म्हणजे आजीचे औषध! तिचे बोलणे ऐकताना व्याडेश्वर न पाहिलेल्या काकूंचीच आठवण होते.

पत्र तीन आठवडे टेबलावर पडून होते. वाटा विकावा हे हातून लिहवेना, आणि कायमचे येतो हेही लिहवेना. अखेर परवा सौभाग्यवतींनीच मजकूर सांगितला व आम्ही तो लिहिला: वाटा तूर्त काढू नये; वैशाखापासून गणपतीपर्यंत आम्ही तिकडे येऊन राहतो; नवरात्रास मात्र कोराडीस असले पाहिजे. खाली त्यांनी स्वहस्ते दोन ओळी जोडल्या. आमसुले नेहमीच्या निम्मी पाठवावीत. आणि येताना हरभऱ्याचा भरडा आपण घेऊन येऊ, तिकडे तो नीट दळून मिळत नाही.