आचारी, आचार्य आणि न दिसणारा जोडक

‘ऱ्य’मधला आडवा अर्धा र संगणकावर तीन प्रकारे लिहिता येतो, आणि तिन्ही वेळा पडद्यावर तो सारखाच दिसतो. माझ्या संकेतस्थळावर तिन्ही प्रकार नांदतात. जुन्या लेखांत साध्या र चा पाय मोडून त्यामागे अदृश्य जोडक बसवलेला आहे. अलीकडच्या लेखांत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला आहे. इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात र, त्याखाली नुक्ता आणि मग मोडलेला पाय असा ऐवज सापडतो. शेवटचे दोन प्रकार युनिकोड एकच मानतं. पहिला वेगळा राहतो, आणि माझ्या संध्याकाळी त्या पहिल्यामागे जातात.

हे मला ठाऊक होतं, पण त्याची टोचणी लागली एका मुलीमुळे. घर मराठी, शाळा हिंदी, अशी आमच्या रायपूरची मुलगी. आजीकडचं जुनं काही लिहून ठेवायचंय, स्वतःचं पान कसं चालवायचं ते शिकवा, म्हणून माझ्याकडे येऊ लागली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी लग्नांत पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांवर मी पूर्वी लिहिलं होतं. तो लेख तिला हवा होता. फोनवर शोधत होती. म्हणाली, “काका, सर्च केलं तर चंपारणच वर येतंय.”

चंपारण आमच्या रायपूरजवळचंच. वल्लभाचार्यांचं जन्मस्थान मानतात, तिथल्या यात्रेवरही माझा लेख आहे. तिने हिंदीच्या सवयीने रेफ देऊन ‘आचार्यांचं’ लिहिलं होतं. माझी शोधपेटी जोडक गाळून टाकते, आणि तो गाळला की जुन्या लेखातल्या आचाऱ्याचा आचार्य होतो. त्यामुळे पंगतीला रांधणारा आणि संप्रदाय स्थापणारा एकाच यादीत आले. मी तिच्या हातून फोन घेऊन नीट ऱ घालून शोधलं, तर काहीच आलं नाही. रेफ देऊन लिहिणाऱ्याला सरमिसळ मिळते आणि शुद्ध लिहिणाऱ्याला रिकामं पान. शुद्ध लिहिणाऱ्यावरचा हा अन्याय मला सहन होत नाही.

गंमत म्हणून नव्हे, नीट समजावं म्हणून मी युनिकोडचा तक्ता काढून बसलो. ऱ चा क्रमांक ०९३१. त्याच्यापुढे नोंद अशी, की हे अक्षर द्राविडी भाषांतल्या उच्चारासाठी आहे आणि त्याच्या अर्ध्या रूपाने मराठीचा आडवा र लिहावा. म्हणजे आपल्या दऱ्या, वाऱ्यावर, पुणे जिल्ह्यातली कऱ्हा नदी आणि आमच्या तात्यापाऱ्यातली लग्नं हे सगळं दक्षिणेकडून आलेल्या अक्षराच्या आधाराने उभं आहे. जुन्या आवृत्तीतली जोडकाची रीतही चालू ठेवलेली आहे. मी लिहू लागलो तेव्हा माझ्या हाताशी असलेलं साधन तीच रीत वापरायचं. ‘ॲ’चंही तसंच झालं. त्याला ०९७२ हा क्रमांक २००८ साली मिळाला, पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने तो वर्णमालेत बसला. त्याआधी आम्ही अ वर चंद्र देत होतो. दोन्ही ॲ दिसायला जुळे, आणि यंत्राच्या लेखी एकमेकांचे कोणीच नाहीत.

मुलगी म्हणाली, एका आज्ञेत सगळं बदलेल की. मजकूर बदलेल, तिचं खरं आहे. पण मथळ्याचा पत्ता झालेला असतो. ‘तात्यापाऱ्यातले आचारी’ हा मथळा त्या लेखाच्या पत्त्यातही बसला आहे, जोडकासकट. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हांचं होतं, त्यामुळे तो पत्ता आधीच वीतभर लांब. तोच नागपूरला, बिलासपूरला कुणीकुणी जपून ठेवलाय, पुढे पाठवलाय. अक्षर सुधारलं की पत्ता मरतो. जुन्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय आहे, पण ती यादी कुणीतरी सांभाळावी लागते, आणि माझ्यानंतर कोण सांभाळणार? म्हणून मजकूर सुधारायचा आणि पत्ता आहे तसा ठेवायचा, असं मी ठरवलं. ठरवलं तरी तो अशुद्ध पत्ता पाहिला की मला चैन पडत नाही. मी पुन्हा बसतो, पुन्हा यादी उघडतो.

तिने आज्ञा तयार करून दिली होती, ती मी वापरली नाही. प्रत्येक लेख स्वतः उघडून, प्रत्येक जागी थांबून बदलतो आहे. यात काळजी थोडी आणि अहंकार पुष्कळ. रायपुरात हा र नीट लिहिणारा मी आहे, असं मला वाटतं आणि ते वाटणं मला आवडतं. इथल्या छापखान्यांतून मराठी लग्नपत्रिका निघतात त्यांत कऱ्हाड्यांचे ‘कर्हाडे’ झालेले असतात. ल ला दांडा, श हिंदी वळणाचा. संगणकावर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली तर चांगला फॉन्ट आपोआप पाकळ्यांचा ल दाखवतो. एवढी एक नोंद करायला कुणाला वेळ नाही.

आणि वाचणाऱ्याच्या वेळेची तर कुणालाच किंमत उरलेली नाही. मोठ्या वर्तमानपत्रांची पानं उघडून पाहावीत. आधी सूचना पाठवू का म्हणून विचारणार, मग ॲपमध्ये वाचा म्हणणार, मग कोपऱ्यात चित्रफीत आपणहून बोलू लागणार. बातमीला बोट लावावं तर त्याच क्षणी वरून जाहिरात उतरते आणि मजकूर खाली सरकतो, बोट जाहिरातीवर पडतं. फुली इतकी बारीक की माझ्या वयाच्या माणसाला ती दाबताच येत नाही. हे चुकून झालेलं नाही. बोट चुकावं म्हणूनच ती रचना आहे, आणि मला ती वाचकाची फसवणूक वाटते. सरकारी कागद निराळ्या तऱ्हेने छळतात. कृतिदेव फॉन्टात जुळवलेली पत्रकं पडद्यावर सुरेख दिसतात, पण एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की रोमन अक्षरांचा कचरा पडतो.

मराठी मंडळींवरचा माझा राग त्याहून जुना आहे. चांगलं लिहिणारी माणसं आपला मजकूर चित्र करून व्हॉट्सॲपवर सोडतात. रंगीत पार्श्वभूमी, खाली गुलाबाचं फूल. तो शोधता येत नाही, अंध माणसाच्या यंत्राला मोठ्याने वाचता येत नाही, आठवडाभरात खाली बुडतो. त्यांच्या लेखांना माझ्या लेखांपेक्षा शंभरपट वाचक मिळतात, हेही मला सलतं. भेटींचा आकडा मी रोज पाहतो. त्यात यंत्रांच्या भेटी असतात हे माहीत असूनही आकडा वाढला की बरं वाटतं.

या भागात नियतकालिक चालवण्याचा विचार आला की माधवराव सप्रे आठवतात. १९०० सालच्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ निघालं. संपादक सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले, आणि मासिक हिंदी. छपाई आधी रायपुरात, मग नागपुरात. पैशाअभावी तीन वर्षांत ते थांबलं. पण १९०१ साली त्यात आलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आजही वाचली जाते, कारण शाईतला र कुणी गाळू शकत नाही. त्यांनी भोवतालच्या लोकांची भाषा घेतली, ते शहाणपणाचं होतं आणि थोर होतं. मी मराठी धरून बसलो. छत्तीसगडच्या मराठी माणसांविषयी त्यांच्याच भाषेत लिहिणारं एक तरी पान रायपूरहून निघावं, हा हट्ट.

मुलीने आता स्वतःचं पान सुरू केलंय. ती बोलते आणि फोन लिहितो. आजीच्या हातचे अनारसे, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातला गणपती, असं सुंदर लिहिते. र कोणता पडला ते पाहत नाही. मी दाखवलं तर म्हणाली, “पण काका, हे दिसतं कुणाला?”

शोधणाऱ्याला दिसतं, मी म्हणालो, आणि ते खरंच आहे. पण पूर्ण खरं तिला सांगितलं नाही, ते इथे लिहितो. नागपूर-पुण्याकडचा कुणी जाणकार कधीतरी माझं पान उघडेल, आतली अक्षरं तपासेल आणि म्हणेल, रायपुरात बसून या माणसाने मराठी नीट राखली. ते कौतुक मला हवं आहे. वाचकांच्या सोयीपेक्षाही कदाचित तेच जास्त हवं आहे. म्हणून तिची आज्ञा बाजूला ठेवून मी एकेक जोडक हाताने काढतो आहे.